माशाची कातडी आणि पहिली वीस मिनिटं



गेल्या दिवाळीत आमच्या बचत गटाला फराळाची मोठी ऑर्डर मिळाली होती. चकल्या तळताना आमच्यातल्या एका ताईंच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, कढईतलं तेल सांडलं. आम्ही सगळ्या धावलो. एकीनं टूथपेस्ट फासली, दुसरीनं वरून हळद दाबली. आम्हाला वाटलं, वेळेवर उपाय केला. दवाखान्यात गेल्यावर कळलं की आम्ही दुखणं वाढवून ठेवलं होतं. तो सगळा लेप धुऊन काढल्याशिवाय भाजलेलं किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसेना. तो काढताना ताईंना जे सोसावं लागलं, ते आम्ही दाराबाहेरून ऐकलं.

जखम स्वच्छ झाल्यावर डॉक्टरांनी एक पाकीट फोडलं. आत पांढरा, कागदासारखा पातळ तुकडा होता. तो सलाइनच्या पाण्यात भिजवून त्यांनी जखमेवर पसरला. सोबत आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "हे कशाचं करतात हो?" डॉक्टर म्हणाले, "कोलॅजेन आहे. काही गुरांच्या कातड्यापासून करतात, काही माशांपासून. हे माशाचं आहे. नको असेल तर मलमपट्टी करू, फक्त ती वारंवार बदलावी लागेल." घर माळकरी. क्षणभर कुणी बोललं नाही. मग ताईच म्हणाल्या, "आम्ही मासा खात नाही, पण हे औषध आहे. राहू द्या."

जखम भरली, पण आमच्या मनात प्रश्न राहिला. माशाची कातडी माणसाच्या जखमेला कशी चालते? मग आम्ही माहिती गोळा केली. तीच आज तुम्हाला सांगतोय.

उत्तरेकडं आइसलँड नावाचा थंड देश आहे. कॉड माशावर तिथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. त्या माशाच्या कातडीपासून जखमेवर लावायची पट्टी तिथल्या केरेसिस या कंपनीनं बनवली. 2013 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तिला मान्यता दिली.

पट्टी बनवताना कातडीचे खवले काढतात. मग ती अशी धुतात की माशाच्या पेशी निघून जातात. दुसऱ्या जिवाच्या पेशी तशाच राहिल्या तर आपलं शरीर त्यांना परकं समजून विरोध करतं. पेशी गेल्यावर उरते ती धाग्यांची बारीक जाळी. आपण कारल्याच्या वेलाला मांडव घालतो ना, तसंच हे. मांडव आयता मिळाला की वेल भराभर चढतो. आपल्या पेशी या जाळीत शिरतात, तिच्या आधारानं वाढतात, आणि हळूहळू ती जाळी आपल्यातच जिरते.

मग येतं वाळवण. आपण कुरडया उन्हात वाळवतो, पण उन्हानं वस्तू आक्रसते, कडक होते. नाजूक जाळीला ते चालत नाही. म्हणून कातडी आधी गोठवतात आणि बंद यंत्रात ठेवून आतली हवा खेचून घेतात. अशा वेळी बर्फाचं पाणी होतच नाही, थेट वाफ होऊन उडून जाते. कपाटातली डांबरगोळी न वितळता हवेत विरून लहान होते, तसंच. पाणी गेलं तरी जाळीची घडण मोडत नाही. शेवटी पट्टी निर्जंतुक करून पाकिटात बंद करतात. तिला फ्रीजही लागत नाही.

कॉडच का? गुराडुकरांच्या कातडीतून रोग येऊ नये म्हणून तिच्यावर कडक रासायनिक प्रक्रिया करावी लागते. थंड पाण्यातल्या माशापासून माणसाला तसा धोका आढळलेला नाही, त्यामुळं सौम्य प्रक्रिया पुरते. तिकडं ब्राझीलमध्ये फोर्तालेझा शहरातल्या डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांसाठी तिलापिया माशाची कातडी वापरली. हा तिलापिया म्हणजे उजनीच्या बाजारातली आपली चिलापीच!

हे ऐकून कुणी बाजारातल्या चिलापीची कातडी भाजल्यावर लावू नका. धुणं, गोठवणं, निर्जंतुक करणं यातलं एकही काम घरी होत नाही. कच्च्या कातडीनं जखम चिघळेल. कुणाला माशाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. भाजलेलं फार खोल असेल तर अशी पट्टी पुरत नाही, स्वतःचीच त्वचा काढून बसवावी लागते. आणि कोणत्या प्राण्याचं आहे, दुसरा इलाज आहे का, हे विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

पण मैत्रिणींनो, पट्टी डॉक्टरांच्या हातात असते. पहिली वीस मिनिटं आपल्या हातात असतात. भाजल्याबरोबर नळाचं साधं, गार पाणी वीस मिनिटं सोडा. नळ नसेल तर तांब्यानं धार धरा. बर्फ नको. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेलं सुती कापड सैल झाका आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. लहान मूल असेल, चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजलं असेल, किंवा भाजलेला भाग मोठा असेल, तर 108 ला फोन करा.

आमच्या गटानं सभेत ठराव लिहून घेतला आहे. तळणाची कढई चढायच्या आधी शेजारी पाण्याचे दोन भरलेले हंडे आणि एक तांब्या ठेवायचा. त्यानंतरच गॅस पेटवायचा. यंदाच्या फराळाला तुमच्याही गटात हे होऊ द्या.