राज्यशास्त्राच्या पदवीचा जमाखर्च



साहित्याच्या व्यासपीठावर रुपये-आण्यांचा विषय काढला म्हणून कुणी नाराज होऊ नये. दर वर्षी जून-जुलै आला की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा म्हणतो, "मला राज्यशास्त्र घ्यायचंय." गुणपत्रिकेवर ते 'राजनीति विज्ञान' म्हणून छापले जाते, पण विषय तोच. वडील विचारतात, "घेऊन मिळणार काय?" हा प्रश्न अरसिकपणाचा नाही, तो रास्त आहे. फक्त त्याचे उत्तर आपण नीट मांडत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपण दोन टोकांची उत्तरे देतो. एक म्हणजे, "बी. ए. करून कोणाचं भलं झालंय?" दुसरे म्हणजे, "कलेक्टर होईल!" या दोन्हींच्या मध्ये जो खरा हिशेब आहे, तो आज मांडू.

आधी खर्चाची बाजू. आकडे समजुतीसाठी धरतो, आपण आपल्या घरचे घालावेत. सरकारी महाविद्यालयाची फी, परीक्षाशुल्क आणि पुस्तके मिळून वर्षाला १२ हजार धरले, तर तीन वर्षांचे ३६ हजार होतात. मुलगी घरी राहून शिकत असेल तर राहण्या-जेवणाचा वेगळा भार नाही. यापेक्षा स्वस्त उच्चशिक्षण आपल्याला सहसा सापडणार नाही. खाजगी विद्यापीठात हीच पदवी लाखांत जाते आणि तिथे हिशेब पार बदलतो.

पण खरा खर्च पदवीनंतर सुरू होतो. भंवरकुआँच्या बाजूला सहज फेरी मारून या. जिल्ह्या-जिल्ह्यांतून आलेली मुले एकेका खोलीत दोघे-तिघे राहून राज्यसेवेची तयारी करताना दिसतील. राज्याच्या लोकसेवा आयोगाचे कार्यालयच इंदुरात, त्यामुळे ही गर्दी इथे आहे. असा एक विद्यार्थी चार वर्षे थांबला असे धरू. खोली आणि मेसचे महिन्याला ८ हजार, म्हणजे चार वर्षांचे ३ लाख ८४ हजार. क्लासचे १ लाख. आणि त्याच काळात त्याने साधी १८ हजारांची नोकरी केली असती तर मिळाले असते ते ८ लाख ६४ हजार. बेरीज १३ लाख ४८ हजार. पदवीच्या खर्चाच्या सदतीस पटींहून अधिक! शेवटची रक्कम कोणत्याच पावतीवर दिसत नाही, म्हणून आपण ती मोजत नाही. पण घरात न आलेला पैसाही खर्चच असतो.

माझा सांगण्याचा मुद्दा हाच: राज्यशास्त्राची पदवी महाग नाही, तिच्यामागून येणारी मुदत नसलेली प्रतीक्षा महाग आहे.

आता जमेची बाजू. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय घेता येतो. त्याच्या दोन प्रश्नपत्रिका मिळून ५०० गुणांच्या. शिवाय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत राज्यघटना, शासनव्यवहार आणि परराष्ट्रसंबंध येतातच. म्हणजे पदवीचा अभ्यास वाया जात नाही. यश मिळाले तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. पण दुसरा आकडाही ऐका. २०२३ च्या परीक्षेला १० लाख १६ हजार ८५० अर्ज आले आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे हजार अर्जांमागे एक. प्रत्यक्ष परीक्षेला बसलेले ५ लाख ९२ हजार धरले तरी पाचशे-सहाशेंमागे एक. आपल्या राज्यातली तऱ्हा तर आणखी निराळी. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल लागला तो २०२३ च्या डिसेंबरात. त्यात मुलांचा दोष काय? पण वर्षे त्यांचीच गेली.

दुसरी वाट अध्यापनाची. एम. ए.ला ५५ टक्के आणि नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठी पात्रता. तिथेही प्रवेशाचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. नेटमध्ये वरच्या गुणांवर संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७ हजार. म्हणजे शिकतानाच घरात पैसा येतो. मात्र पात्रता आणि नेमणूक यांत बरेच अंतर आहे. आपल्या सरकारी महाविद्यालयांत 'अतिथी विद्वान' म्हणून वर्षानुवर्षे शिकवणारे आपल्या ओळखीतही असतील.

तिसरी वाट कायद्याची, पदवीनंतर तीन वर्षे. चौथी बी. एड. करून शाळेची, दोन वर्षे. या दोन्ही वाटांना ठरलेली मुदत आहे आणि शेवटी हातात व्यवसाय आहे. त्याखेरीज हल्ली संशोधन आणि सर्वेक्षणाची कामे निघाली आहेत. दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राचा 'लोकनीती' हा उपक्रम निवडणुकांची सर्वेक्षणे करतो. खासदारांना विधिमंडळीय साहाय्य करणाऱ्या तरुणांसाठी 'लॅम्प' नावाची अधिछात्रवृत्ती आहे. अशा कामांना नुसती पदवी पुरत नाही. आकडे वाचता यावेत, तक्ता मांडता यावा, स्वच्छ चार पाने लिहिता यावीत. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी असलेल्या आपल्या मुलांजवळ तीन भाषांचे भांडवल आहे. ते आपण कधी जमेच्या रकान्यात लिहिले आहे का?

या हिशेबाला एक मोठे उदाहरण आहे, आणि ते आपल्या अगदी शेजारचे आहे. महूला जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतली ती अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांत. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी. रक्कम, मुदत आणि परतफेड तिन्ही ठरलेली. पुढे वाढवून मिळालेली मुदतही संपली, तेव्हा १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळेना, आणि नोकरी सोडावी लागली. संस्थानाच्या खतावणीत हा व्यवहार तोट्याचाच दिसेल. देशाला काय मिळाले ते आपण जाणतो. पण मला लक्ष वेधायचे आहे ते पुढच्या पावलाकडे. शिष्यवृत्ती संपल्यावर ते वाट पाहत बसले नाहीत. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठवले, काही उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठून अभ्यास पुरा केला. कमाई आणि अध्ययन यांचे वैर असते असे मानणाऱ्यांनी ही दोन वर्षे आठवावीत.

आता थोडे कटू बोलतो. आपल्या कितीतरी घरांत मुलाला इंजिनिअरिंगसाठी पुण्याला पाठवताना व्याजासकट हिशेब होतो. मुलीला मात्र बी. ए.ला घातले जाते ते "स्थळ येईपर्यंत". तिथे कोणी हिशेबच करत नाही, कारण तिच्या पदवीतून काही यावे अशी अपेक्षाच नसते. पदवी स्वस्त म्हणून मुलीला, आणि मुलीची म्हणून तिची किंमत शून्य. हा हिशेब नव्हे, ही सोय आहे. त्याच मुलीला पुढची तीन वर्षे वकिलीसाठी दिली, तर ३६ हजारांच्या त्या पदवीचे मोल बदलते.

राज्यशास्त्राचे पैशाबाहेरचे मोल आहेच. आपण इथे भाषिक अल्पसंख्य आहोत. राज्यघटनेच्या ३५०-अ अनुच्छेदात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची तरतूद आहे, हे आपल्यापैकी किती घरांना ठाऊक आहे? घरातल्या एकाने हे वाचलेले असणे सगळ्या समाजाच्या कामी येते. पण हे मोल दाखवून घरखर्चातली तूट झाकू नये. दोन्ही रकाने वेगळे ठेवावेत.

म्हणून प्रवेशाच्या अर्जावर सही करण्याआधी मुलांबरोबर बसा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा. पदवीनंतरची पहिली वाट कोणती? ती साधली नाही तर दुसरी कोणती? आणि पहिली वाट सोडायची ती कोणत्या तारखेला? तिसरी ओळ लिहिताना हात अडखळेल. मुलांना वाटेल, आईवडिलांचा विश्वास नाही. त्यांना सांगा, ही तारीख अपयशाची नाही. तिच्यामुळे अठ्ठाविसाव्या वर्षी कुणाच्या नजरेला नजर देताना खाली मान घालावी लागणार नाही.

पदवी खुशाल घेऊ द्या. फक्त तारीख लिहून ठेवा.