चौघींचं वाजवणं आणि बिदागीचा प्रश्न

(एका महिला अभ्यास शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



मला आज पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या एका लहानशा कोपऱ्याबद्दल बोलायचं आहे. त्याला चेंबर म्युझिक म्हणतात. विषय उच्चभ्रू वाटेल, वाटू द्या. मी व्हायोला वाजवते, व्हायोलिनच्या शिकवण्या करून पोट भरते, आणि बाईच्या श्रमाचं मोल कोण ठरवतं हा आपला नेहमीचा प्रश्न मला याच कामात रोज भेटतो.

चेंबर म्हणजे खोली. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो मिळून क्वार्टेट होतं. प्रत्येकाची ओळ वेगळी, ती वाजवणारं माणूस एकच. समोर छडी घेऊन उभा राहणारा कंडक्टर नाही. म्हणजे मुकादमाशिवाय चालणारं काम! गती किती ठेवायची, कुठे हळू व्हायचं, हे चौघांनी भांडून ठरवायचं. आपल्या गटांच्या बैठका आठवल्या ना?

मूळचं हे संगीत दिवाणखान्यातलं. घर हे बाईचं राज्य, असं तर सगळेच म्हणतात. मग या राज्यात तिची कमाई किती झाली?

बर्लिनच्या फॅनी मेंडेल्सोनचं उदाहरण घ्या. जन्म १८०५चा. धाकटा भाऊ फेलिक्स पुढे जगप्रसिद्ध झाला. दोघांना लहानपणी सारखंच शिक्षण मिळालं. पण वडिलांनी तिला पत्रातून बजावलं की फेलिक्ससाठी संगीत हा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी तो फक्त दागिना. दर रविवारी तिच्या घरी मैफली भरत. कार्यक्रम ती ठरवी, पियानो ती वाजवी, गायकवृंद ती चालवी. बर्लिनमधले नामवंत येऊन ऐकत. पण तिकीट नाही, बिदागी नाही. घर श्रीमंत, तेव्हा तिला गरज काय, हा युक्तिवाद तयारच होता. (गरज नाही म्हणून मोल नाही, आणि जिला गरज असते तिला गरजू म्हणून कमी द्यायचं. दोन्हीकडून बाईचाच तोटा.) १८३४ साली तिनं लिहिलेलं स्ट्रिंग क्वार्टेट छापून यायला १९८८ साल उजाडलं. ती १८४७ सालीच गेली होती.

आपल्याकडे गणित उलटं होतं. बैठकीत गाऊन कमावणाऱ्या बाया होत्या, पण त्यांना घरंदाज मानलं जात नव्हतं. आणि घरंदाज बाईला बैठक बंद होती. १९२०च्या दशकात हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या, तेव्हा ही भिंत थोडी हलली. युरोपात बाईनं पियानो वाजवणं शोभायचं. व्हायोलिन मात्र हनुवटीखाली धरायचं, खांदा वर, मान वाकडी, म्हणून ते बाईला अशोभनीय! विल्मा नेरुदा या मोराव्हियातल्या व्हायोलिनवादिकेनं १८६९ पासून लंडनमध्ये जाहीर कार्यक्रमांत पुरुषांच्या क्वार्टेटमध्ये पहिलं व्हायोलिन वाजवलं, म्हणजे नेतृत्वच केलं. तिला बघून कितीतरी मुलींनी व्हायोलिन हाती घेतलं.

या मुली शिकून बाहेर पडल्यावर काय झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. वादकाला ठरावीक पगार मिळतो तो ऑर्केस्ट्रात. तिथे दार बंद. मग बायकांनी आपापली क्वार्टेट काढली. मारी सोल्डाटनं १८८७ मध्ये बर्लिनमध्ये आणि १८९५ मध्ये व्हिएन्नात बायकांचं क्वार्टेट उभं केलं. याला कुणी हौस म्हणू नये. नोकरी नाकारली म्हणून काढलेला तो स्वयंरोजगार होता. त्याच व्हिएन्नातल्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रानं पहिल्या बाईला सभासद करून घेतलं ते १९९७ साली. ॲना लेल्केस हार्प वाजवत. त्याआधी वीसहून अधिक वर्षं त्या त्याच ऑर्केस्ट्रात वाजवत होत्या, पण सभासद नव्हत्या. काम चालतं, हक्क चालत नाही.

माझं वाद्य व्हायोला, त्यामुळे रिबेका क्लार्कबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. १८८६ साली इंग्लंडमध्ये जन्मलेली ही बाई. १९१० साली वडिलांशी भांडण झालं, त्यांनी घराबाहेर काढलं, पैसे बंद केले. शिक्षण अर्धवट राहिलं. तिनं व्हायोला उचलला आणि पोट भरायला लागली. १९१२-१३च्या सुमारास लंडनच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात पहिल्यांदाच काही बायका घेतल्या गेल्या, त्यांत ती होती. पण जास्त वाजवलं ते चेंबर म्युझिकच, चेलोवादक मे मकल या मैत्रिणीच्या जोडीनं.

१९१८ साली न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात तिच्या स्वतःच्या रचना होत्या. एकाच कागदावर आपलं नाव किती वेळा घालायचं, म्हणून तिनं एका रचनेखाली अँथनी ट्रेंट असं पुरुषाचं नाव टाकलं. समीक्षकांनी कौतुक केलं ते ट्रेंटसाहेबांचं! पुढच्याच वर्षी एका स्पर्धेत नाव झाकून रचना मागवल्या होत्या. सत्तरहून अधिक आल्या. पंचांची मतं सारखी विभागली गेली, एका बाजूला अर्नेस्ट ब्लॉख, दुसऱ्या बाजूला हिचा व्हायोला सोनाटा. स्पर्धा भरवणाऱ्या एलिझाबेथ कूलिज यांनी ब्लॉखला निर्णायक मत दिलं. ते एक वेळ ठीक. पण हे बाईनं लिहिलंच नसणार, रिबेका क्लार्क हे ब्लॉखचंच टोपणनाव असेल, अशी कुजबुज वर्तमानपत्रांपर्यंत गेली. आज व्हायोला शिकणारं कुणीही हा सोनाटा वाजवल्याशिवाय पुढे जात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र ती अमेरिकेत एका घरी मुलं सांभाळायच्या नोकरीवर होती.

आता पैशाचं बोलू. क्वार्टेटचा कार्यक्रम दीड-दोन तासांचा. पंचवीस-तीस मिनिटांची एक रचना बसवायला आठवडेच्या आठवडे जातात, आणि त्या तालमीला कुणी पैसे देत नाही. बिदागी मिळाली की तिचे चार भाग. म्हणून अमेरिकेत अनेक क्वार्टेट विद्यापीठांच्या आश्रयावर जगतात. तिथे शिकवायचं, पगार घ्यायचा, उरलेल्या वेळात वाजवायचं. कोलोराडो क्वार्टेट या चौघींनी १९८३ साली नाउम्बर्ग आणि बान्फ या दोन मोठ्या स्पर्धा एकामागून एक जिंकल्या, तरी अशा नोकऱ्या त्यांनाही कराव्या लागल्याच.

आमच्या चौघींकडे तेवढंही नाही. तालीम आमच्या घरी, कुकरच्या शिट्ट्यांत. चेलोवालीचं मूल शेजारच्या खोलीत. एका संस्थेनं आम्हाला बोलावलं तेव्हा फोनवर सांगितलं, "तुम्ही हौसेनं करता ना, तर प्रवासखर्च देऊ." त्याच महोत्सवात पुरुषांच्या ग्रुपला मानधन होतं, हे आम्हाला छापील कार्यक्रमाच्या हिशोबावरून नंतर कळलं. तेव्हापासून आम्ही एक कागद करतो. त्यात कार्यक्रमाचे पैसे, तालमींचे तास आणि मूल सांभाळणारीचा खर्च अशा तीन ओळी असतात. तिसरी ओळ वाचून एका आयोजकांनी विचारलं, "हे संगीतात कुठे येतं?" चेलोवाली म्हणाली, "दुसऱ्या व्हायोलिनच्या शेजारी." त्यांनी पैसे दिले. दुसऱ्या एका ठिकाणाहून पुन्हा फोनच आला नाही. कागद आम्ही अजून तसाच पाठवतो. त्याची प्रत मी आणली आहे. आपल्या गटांत गाणाऱ्या, नाटक करणाऱ्या, व्याख्यानं देणाऱ्या ज्या बाया आहेत, त्यांनी ती जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून घ्यावी आणि आपापले आकडे भरून बघावेत.