सांकेतिक लिपीचे चक्र



वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला गणल्या आहेत, त्यांत गायन, वादन, नृत्य आणि चित्रकला यांच्या पंक्तीस 'म्लेच्छित-विकल्प' नावाची एक कला मानाने बसलेली आहे. ठरलेल्या संकेतानुसार अक्षरांची अदलाबदल करून मजकूर तिऱ्हाइतास अगम्य करावयाचा, अशी ही विद्या. गाणे कसे ऐकावे, चित्र कसे पाहावे, हे सांगणारे जाणकार पुष्कळ भेटतात; परंतु सांकेतिक लेखनाचा आस्वाद कसा घ्यावा हे सहसा कोणी सांगत नाही, आणि म्हणून ती हेरांची एक कारस्थानी करामत, एवढीच आपली समजूत होऊन बसते.

मी ज्या ग्लासगो शहरातून बोलत आहे, त्याच्या दक्षिण भागात क्वीन्स पार्क नावाचे एक विस्तीर्ण उद्यान असून त्याच्या पलीकडे लँगसाइडच्या चढावर एक उंच स्तंभ उभा आहे. १३ मे १५६८ रोजी येथे स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या फौजेचा तासाभरात मोड झाला. आश्रयाच्या आशेने ती इंग्लंडात गेली आणि तेथे जवळजवळ एकोणीस वर्षे कैदेत राहिली. त्या कैदेत तिचे राज्य, तिची फौज आणि तिचा खजिना यांपैकी काहीच उरले नव्हते. उरली होती ती फक्त सांकेतिक लिपी. १५८६ साली बिअरच्या पिंपांतून बाहेर जाणारे तिचे खलिते इंग्लंडचा मंत्री वॉल्सिंगहॅम याचा कारकून टॉमस फेलिप्स याने उलगडले, आणि त्यांच्याच पुराव्यावर ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिचा शिरच्छेद झाला. तिचीच दुसरी सत्तावन्न पत्रे, ज्यांतील बहुतेक फ्रान्सच्या लंडनमधील वकिलास लिहिलेली होती, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या दफ्तरात इटलीसंबंधीचे कागद म्हणून नोंदली जाऊन पडून राहिली. ती २०२३ साली लॅस्री, बीअरमन आणि तोमोकियो या तिघांनी वाचून दाखविली. त्यांच्यात एक संगणकतज्ज्ञ, एक संगीताचा प्राध्यापक आणि एक भौतिकशास्त्रज्ञ असावा, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण या कलेला गणिताची शिस्त जितकी लागते, तितकाच कान आणि डोळाही लागतो.

आमच्याकडे मराठी शिकावयास येणाऱ्या मुलांसमवेत आम्ही या कलेचे एक साधन तयार करतो. पंधराव्या शतकात इटलीतील आल्बेर्ती या वास्तुविशारदाने सांकेतिक लेखनासाठी दोन चकत्यांचे एक चक्र योजले होते. तेच आम्ही कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापून, मध्यभागी टाचणी खोवून, देवनागरीत उतरवितो. इंग्रजी सव्वीस अक्षरांसाठी वर्तुळाचे सारखे भाग पाडू गेल्यास प्रत्येक भाग तेरा अंशांहून काही विचित्र अपूर्णांकाने मोठा येतो, आणि कोनमापक हाती असलेले मूल हिरमुसते. परंतु क पासून ज्ञ पर्यंत आपली व्यंजने छत्तीस, वर्तुळाचे अंश तीनशे साठ, तेव्हा प्रत्येक व्यंजनाच्या वाट्याला नेमके दहा अंश! ही विभागणी स्वतः करून पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, तोच या कलेचा पहिला रसास्वाद होय.

आता मोठ्या चकतीवरील क च्या खाली लहान चकतीवरील ज आणावा, म्हणजे प्रत्येक व्यंजन सात घरे पुढे जाते. स्वर आणि काना-मात्रा जागच्या जागी राहतात. 'नदी' या शब्दाची 'रमी' होते, आणि क्लाइड नदीच्या काठी भेटू असा निरोप पत्त्यांच्या डावाचे आमंत्रण भासू लागतो. 'हळद' लिहिताना मात्र ह तेहतिसावा. त्यात सात मिळवले की चाळीस, आणि घरे तर छत्तीसच. घड्याळात दहानंतर पाच तासांनी जसे तीन वाजतात, तसेच येथे छत्तीस वजा करून बाकी चार घ्यावयाची, म्हणजे घ. याच हिशेबाने 'हळद'ची 'घङम' होते. शाळेत भागाकाराची बाकी ही उरलेली अडचण वाटते. येथे तीच सारा कारभार चालविते. उलगडताना सात मागे जावे, किंवा एकोणतीस पुढे जावे, फळ एकच. एकदा एका मुलीने मध्येच चक्र थांबवून म्हटले, "काका, अठरा घरं फिरवलं तर उलटं फिरवायलाच नको!" आणि खरोखरच 'कधी'चे 'धकी' होते, 'धकी'चे पुन्हा त्याच फेऱ्याने 'कधी'. परंतु बेरजेऐवजी दोनाने गुणावयाचे ठरविले, तर क आणि ध हे दोघेही ख होऊन बसतात, आणि मूळ मजकूर कोणता, हे लिहिणाराही सांगू शकत नाही. पाचाने गुणले असता असा घोटाळा होत नाही, कारण पाच आणि छत्तीस यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही.

येथे या कलेचे मर्म हाती लागते. लपविणे कोणालाही साधते. कागद फाडून टाकला तरी मजकूर लपतोच. जे लपविले ते एका अक्षराचाही लोप न होता परत मिळाले पाहिजे, पण ते केवळ किल्ली जाणणाऱ्यासच मिळाले पाहिजे, या दोन परस्परविरोधी अटी एकाच नियमाने सांभाळणे, यात तिचे सौंदर्य आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जतन केले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधून काढली, तेव्हा आद्य मराठी गद्याचे ते भांडार अभ्यासकांस खुले झाले. परतीची वाट राखली होती, म्हणूनच हे घडू शकले.

आमच्या चक्राची दुसरी अट मात्र लंगडी आहे, आणि तेही मुलांना शोधू द्यावे. वाक्यामागून वाक्य 'आघे' या शब्दाने संपू लागले की कोणताही मराठी माणूस ते 'आहे' असल्याचे ओळखतो, आणि ह चा घ झाला एवढे कळताच सारे चक्र उघडे पडते. वारंवार येणाऱ्या अक्षरांवरून संकेत फोडण्याची ही युक्ती बगदादच्या अल्-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली आहे. तिच्यावर तोड म्हणून प्रत्येक अक्षरागणिक फेरा बदलावा, हे मुलांना मग आपोआप सुचते.

तेव्हा श्रोते हो, येत्या रविवारी पुठ्ठा, कोनमापक आणि एक टाचणी मुलांच्या स्वाधीन करा. पहिला खलिता त्यांना लिहू द्या, आणि किल्ली न विचारता तो उलगडण्याचे काम आपल्याकडे घ्या.