घरी वाचायला सांगितलेला धडा



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषयही त्यांनीच ठरवला : "तू नेमकं काय काम करतोस ते एकदाचं सांगून टाक." कारण आपल्या ग्रुपवर कोणी म्हणतं मी फुलपाखरं पकडतो, कोणी म्हणतं मी कीटकनाशकांच्या कंपनीत आहे. दोन्ही खरं नाही. मी पतंग ओळखतो. संक्रांतीचे नव्हेत, रात्री दिव्यावर येतात ते. दोन पतंग अगदी सारखे दिसत असतील, तर कोणता कोणत्या जातीचा हे ठरवायचं. आणि ते ठरवण्यासाठी मी त्यांची जननेंद्रियं तपासतो.

हसा, हसा. प्रजननाचा धडा आपल्या वर्गात "घरी वाचून या" म्हणून सोडला होता, आठवतंय ना? माझी सगळी भाकरी त्या धड्यावर चालली आहे.

आता पंख सोडून तिथपर्यंत का जायचं? पंख पाहूनही ओळखता येतं की. जॉर्ज हॅम्पसन नावाच्या इंग्रजाने १८९२ ते १८९६ या काळात भारतातल्या पतंगांवर चार जाड खंड लिहिले, ते मुख्यतः पंख, पंखांतल्या शिरा, मिशा, तोंडाजवळचे अवयव यांवरच. आजही ते खंड उघडावे लागतात. पण पंखांवरचा रंग म्हणजे बारीक खवले. बोटाला लागते ती पूड, तीच. कामगंध सापळ्याच्या पिशवीत पतंग रात्रभर फडफडला की सकाळी त्याचा पंख म्हणजे धुऊन धुऊन विटलेलं धोतर. शिवाय एकाच जातीत रंग बदलतात. कोणी पिवळसर, कोणी तपकिरी, कोणी विटकरी. पोटाच्या टोकाशी आत दडलेले कठीण भाग मात्र झिजत नाहीत आणि जवळच्या जातींमध्येही बहुधा वेगळे असतात.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवणारी घाटेअळी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'विजय' हरभरा आपल्यापैकी निम्म्यांच्या शेतात झाला असेल, आणि त्यावर ही अळीही झाली असेल. हीच तुरीवर गेली की शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोत फळ पोखरणारी अळी आणि कपाशीवर अमेरिकन बोंडअळी. कीटक एकच : हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. जुन्या पुस्तकांत त्याला हेलिओथिस म्हणत. १९६५ साली कॅनडाच्या हार्डविक यांनी त्याची वेगळी प्रजाती केली, तरी बरेच जुने लोक अजून हेलिओथिसच म्हणतात. आपल्या जिल्ह्याचंही नाव अहिल्यानगर झालं, पण एसटीत बसलं की तोंडातून "एक नगर" निघतंच, तसं.

गंमत त्या 'अमेरिकन' शब्दात आहे. ही अळी आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलियातली. अमेरिकेत मक्याच्या कणसात आणि कपाशीच्या बोंडात असते ती तिची बहीण, हेलिकोव्हर्पा झिया. पंखांवरून दोघींत फरक करणं जवळजवळ अशक्य, म्हणून कितीतरी वर्षं दोन्ही एकच मानल्या गेल्या. ऑस्ट्रेलियातही असाच घोळ होता. तिथे १९५३ मध्ये कॉमन यांनी आर्मिजेरा आणि पंक्टिजेरा या दोन जाती वेगळ्या करून दाखवल्या. पुढे हार्डविक यांनी जगभरातल्या या सगळ्या कुटुंबाची जननेंद्रियं तपासून मोठा ग्रंथ लिहिला आणि आर्मिजेरा व झिया यांच्यातली रेघ पक्की केली.

ती रेघ दिसते कशी, ते सांगतो. पतंगाचं पोट अलगद तोडून घ्यायचं. दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात काही मिनिटं गरम करायचं, किंवा घाई नसेल तर रात्रभर तसंच ठेवायचं. स्नायू, चरबी सगळं विरघळतं आणि कायटिनचा सांगाडा उरतो. मग काचेच्या वाटीत, सूक्ष्मदर्शकाखाली, दोन सुया आणि एक बारीक ब्रश घेऊन खवले झाडायचे आणि आतला भाग मोकळा करायचा. नराला मादीला धरण्यासाठी सांडशीसारखी पकड असते, दोन पाळ्यांची. त्या दोन्हींच्या मध्ये एक नळी. नळीच्या आत पायमोज्यासारखी उलटी गुंडाळलेली पातळ पिशवी असते. ती बारीक सुईने अल्कोहोल भरून फुगवायची. फुगली की तिच्यावरचे काटे आणि बुडाशी असलेले उंचवटे दिसतात. आर्मिजेरात बुडाशी एक उंचवटा, झियात तीन. एक आणि तीन, एवढाच फरक. पण त्यासाठी हात थरथरता कामा नये, आणि दिसलं ते पेन्सिलने काढता आलं पाहिजे. चित्रकलेच्या सरांनी माझ्या वहीवर मारलेल्या लाल रेघांची किंमत मला पुढे कळली.

हे निव्वळ पंडितांचं भांडण नव्हे. २०१२-१३ च्या हंगामात ब्राझीलच्या बाहिया राज्यात कपाशी आणि सोयाबीनवर अळीचा कहर झाला. तिथले लोक तिला आपली नेहमीची झियाच समजत होते. फवारे वाढले, अळी हटेना. २०१३ मध्ये पतंगांची जननेंद्रियं आणि डीएनए तपासल्यावर कळलं, ही आर्मिजेरा आहे. म्हणजे आपली घाटेअळी समुद्र ओलांडून गेली होती आणि औषधं पचवण्याची सवय सोबत घेऊन गेली होती. आपण तिला 'अमेरिकन' म्हणायला लागून कित्येक वर्षं झाल्यावर ती खरोखर अमेरिकेत पोचली!

आता उलटी बाजू. तिकडचा पाहुणा आपल्याकडे आला. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात मक्यावर एक नवी अळी सापडली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात शिरली. अमेरिकन लष्करी अळी, स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. पुढच्या पावसाळ्यात आपल्याच वर्गातल्या एकाने (समोरच्या रांगेत बसून तो मान हलवतोय) मला मक्याच्या पोंग्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं : "लष्करीच ना रे? कृषी केंद्रवाला म्हणतो कोणतीही असली तरी औषध तेच." मी त्याला म्हटलं, अळीचं डोकं समोरून काढ. डोक्यावर उलटा वाय होता, आणि शेवटाकडच्या आठव्या खंडावर चौकोनात चार काळे ठिपके. ही जुनी लष्करी नव्हे. जुनी दिवसा ढेकळांखाली, पानांच्या बेचक्यात लपते आणि रात्री खाते. ही पोंग्यात घुसून बसते आणि वर भुसा साठवते. फवाऱ्याचं तोंड पोंग्यात गेलं नाही, तर औषध भलतीकडेच जातं. एकाच बाटलीतलं औषध असलं तरी मारायची जागा आणि वेळ वेगळी.

अळी डोळ्यांनी ओळखता येते, म्हणून ते सोपं. पण याच अळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात मिथिम्ना लोरेई नावाचा वेगळाच पतंगही येऊन पडतो. आफ्रिकेत आणि आशियात तशा नोंदी आहेत. सापळ्यातले पतंग मोजून फवारणी ठरवायची, असा आपल्याला सल्ला मिळतो. मग मोजलेल्यात निम्मे दुसरेच असतील तर? खिशातून पैसे जातात, शेतात विष जातं, मित्रकीटक मरतात. पंख झिजलेले असतील, तर तिथे पोट उघडून पाहणारा माणूस लागतो.

उसाबद्दल थोडं बोलतो, नाहीतर प्रवरेकाठचे रागावतील. आपल्याकडचे खोडकिडा, कांडीकिडा आणि ज्वारीचा खोडकिडा हे तिघेही कायलो या एकाच प्रजातीतले. पतंग पाहिले तर तिघेही वाळल्या पाचटाच्या रंगाचे, धाकट्या भावंडांसारखे. अळीच्या पाठीवरच्या रेघा मोजल्या की थोडी सुटका होते : उसाच्या खोडकिड्याला पाच, कांडीकिड्याला चार. पतंग मात्र पुन्हा माझ्या वाटीत यावा लागतो.

कोणी विचारेल, आता डीएनए आहे, मग सुया कशाला? मला डीएनएचा राग नाही. पण यंत्र जे नाव सांगतं, ते आधी कोणीतरी शरीर पाहून त्या नमुन्याला दिलेलं असतं. तिथे चुकलं तर यंत्र तेच चुकलेलं नाव पुन्हा सांगणार. उलट अमेरिकन लष्करी अळीचे मका आणि भात असे दोन प्रकार आहेत. ते शरीरावरून वेगळे काढता येत नाहीत, तिथे जनुकंच लागतात. कुलूप-किल्लीचं तत्त्वही पूर्ण खरं नाही. फ्रान्सच्या द्युफूर यांनी १८४४ मध्ये ते मांडलं : प्रत्येक जातीच्या नराची किल्ली त्याच जातीच्या कुलपाला लागते. पण आर्मिजेरा आणि झिया, सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या बहिणी, प्रयोगशाळेत एकमेकींशी जुळतात. ब्राझीलमध्ये त्यांच्या संकराच्या खुणा जनुकांत सापडल्याही आहेत. कुलूप जरा सैल निघालं, असं म्हणा.

मला काळजी आहे ती वेगळीच. हे काम करणारे हात कमी होत चालले आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना यंत्र चालवायला आवडतं. वाटीवर चार तास मान वाकवून बसायला कोणी तयार नसतं. इथे बसलेल्या शिक्षकांना विनंती आहे. शाळेच्या व्हरांड्यात रात्री एक पांढरा पडदा लावा, त्यावर दिवा सोडा आणि मुलांना मोजू द्या. अकोल्याकडच्या शाळांना तर भंडारदऱ्याचं रान शेजारीच आहे.

आणि मित्रहो, सापळ्यात काही वेगळं वाटलं तर काड्यापेटीत कापूस घालून मला पाठवा. कापूस कोरडा असू द्या, ओला केलात तर बुरशी येते. पेटीवर गाव, पीक आणि तारीख लिहा. पंख फाटला असला तरी चालेल. पोट तेवढं शाबूत ठेवा.