भांडणाऱ्या पक्षीमित्रांची अ‍ॅडमिन

(स्नेहमेळाव्यातील ‘सध्या मी काय करते/करतो’ या सत्रातील मनोगत)



बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी काय करते, असं कालपासून निदान वीस जणांनी विचारलं. “पक्षी बघते” म्हटलं की समोरचा म्हणतो, “वा, शांत छंद आहे.” हा गैरसमज दूर करायला मी उभी आहे. पक्षी बघणारी माणसं अजिबात शांत नसतात. साताऱ्यातल्या आमच्या पक्षीमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत. डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, कॉलेजची पोरं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. गेली सहा वर्षं मी त्या ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. म्हणजे पक्षी बघते थोडे आणि भांडणं सोडवते जास्त.

भांडायला आम्हाला काहीही पुरतं. नावावरून भांडतो. एकाच पक्ष्याला कोणाकडे भारद्वाज म्हणतात, कोणाकडे कुंभारकावळा, तर कोणाकडे सोनकावळा. प्रत्येकाला आपल्या आजीनं सांगितलेलं नाव खरं वाटतं. आणि आजीचा विषय निघाला की माणूस माघार घेत नाही.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की भांडणं तीन जातींची असतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं असतं.

पहिलं भांडण माहितीचं. एका मुलानं संध्याकाळच्या अंधूक उजेडातला, पाठीमागून काढलेला फोटो टाकला. निम्मे म्हणाले शिक्रा, निम्मे म्हणाले पावशा. हे दोघे दिसतात इतके सारखे की भलेभले चकतात. दीड तास जुंपली. “तुमची वर्षं वाया गेली” इथपर्यंत मजल गेली. मी मधे पडून मत दिलं नाही, फक्त त्या मुलाला तीन प्रश्न विचारले. कुठे दिसला? कधी दिसला? ओरडत होता का? त्यानं लिहिलं, “हो ताई, ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असं सारखं ओरडत होता.” संपलं! पावशाच. माहितीच्या भांडणात कोण मोठा हे बघायचं नसतं, पुरावा मागायचा असतो. बहुतेक वेळा तो कोणाच्या तरी खिशात असतो, पण विचारलेलंच नसतं.

मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८८४ मध्ये खानदेशात त्याचा शेवटचा नमुना मिळाला आणि नंतर तो दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन या नामांकित इंग्रज पक्षीतज्ज्ञानं आपल्याला तो १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचं सांगितलं. माणूस मोठा, म्हणून नोंद खरी धरली गेली. पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी जुने नमुने बारकाईनं तपासले, तेव्हा कळलं की तो नमुना चोरलेला होता आणि त्यावरची चिठ्ठी खोटी होती. ती नोंद बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! ही गोष्ट मी ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी सांगते. आपल्या शास्त्राच्या सरांनी ‘पडताळून बघ’ असं वहीत लाल शाईनं लिहायची सवय ठेवली होती, तिचा अर्थ मला इथे कळला.

दुसरं भांडण रीतीचं. काय करावं, काय करू नये याचं. हे जास्त अवघड, कारण इथे पुरावा कामाला येत नाही. दोन पावसाळ्यांमागची गोष्ट सांगते. एका तरुणानं स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याचा फोटो टाकला. आत पिल्लं, चोची उघडलेल्या, फोटो अप्रतिम. पण घरट्याभोवतीच्या डहाळ्या छाटलेल्या स्पष्ट दिसत होत्या. पानांचा आडोसा गेला की पिल्लांवर ऊन-पाऊस येतो आणि कावळ्यांना घरटं दिसतं. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ अण्णा, वय ७४, भडकले. “चार लाइकसाठी पिल्लांचा जीव घेतोस,” असं त्यांनी लिहिलं. तो म्हणाला, “मी छाटलं नाही, आधीच तसं होतं.” अण्णा म्हणाले, खोटं. मग दोघांचे पाठीराखे उतरले. तासाभरात ऐंशी संदेश. त्या मुलाच्या नोकरीवर कोणी घसरलं, अण्णांच्या वयावर कोणी घसरलं.

तेव्हा मी ग्रुप सकाळी आठपर्यंत बंद केला. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय असते, ती वापरली. एकच ओळ लिहिली, “सकाळी बोलू, सगळ्यांना शुभ रात्री.” आणि दोघांना फोन केले. लिहिलं नाही, फोन केला. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, त्यामुळे वाचणारा आपल्या मनातला आवाज त्याला लावतो, आणि रागावलेल्या माणसाच्या मनात कुठला आवाज असणार?

फोनवर वेगळंच कळलं. डहाळ्या त्या मुलानं खरंच छाटल्या नव्हत्या. कोणीतरी आधी येऊन गेलं होतं. पण त्यानं जागेचा नकाशा दहाबारा जणांना पाठवला होता आणि त्यात काही वावगं आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि अण्णा? गेल्या वर्षी त्यांच्या घरामागचं असंच एक घरटं फोटोवाल्यांच्या गर्दीनं उठलं होतं. पिल्लं मेली होती. ते त्या मुलावर रागावलेच नव्हते. ते त्या गर्दीवर रागावले होते आणि समोर हा सापडला.

सकाळी मी कोणाला दोषी ठरवलं नाही. विचारलं एवढंच, की घरट्यांबद्दल आपला नियम काय असावा? नियम त्या तरुणानंच लिहून आणला. पिल्लं उडून गेल्याशिवाय घरट्याचा फोटो टाकायचा नाही, आणि घरट्याची जागा कोणालाही सांगायची नाही. अण्णांनी त्यात भर घातली, की पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला बोलवायचं नाही. आज तो नियम सर्वांना सारखा आहे. माझ्या सख्ख्या भाच्याचा फोटोही मी काढून टाकला आहे, तो अजून माझ्यावर रुसलेला आहे.

तिसरं भांडण मानापमानाचं. ते पक्ष्यांवरून सुरू होतं, पण पक्षी त्यात नसतोच. “माझ्या फोटोला कोणी काही म्हटलं नाही”, “मला विचारलं नाही”. याला पुरावाही चालत नाही, नियमही चालत नाही. याला चहा लागतो. घरी जावं लागतं. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, तेव्हा आम्ही सगळे एका तळ्यावर जमतो. जी माणसं मोबाईलवर एकमेकांना ओळख देत नाहीत, ती तिथे एकाच दुर्बिणीतून आळीपाळीनं बघतात आणि “अहो, तुम्ही बघा आधी” म्हणतात.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. सहा वर्षांत दोघांना ग्रुपमधून काढावं लागलं. काढण्याआधी फोन केला, कारण सांगितलं, परत यायची वाट मोकळी आहे हेही सांगितलं. एक आला. दुसरे आले नाहीत. माणूस जाणकार होता. गवतातल्या बारक्या पक्ष्यांवर नेमकं बोलणारा आमच्याकडे आता कोणी नाही. पण त्यांच्या एका वाक्यामुळे कॉलेजच्या तीन मुली ग्रुप सोडून गेल्या होत्या. त्या परत आल्या. त्यातली एक आता दर रविवारी शाळेच्या मुलांना पक्षी दाखवायला नेते.

आता शेवटचं, आणि हे आपल्याबद्दल. आपल्या वर्गाचाही एक ग्रुप आहे. गेल्या निवडणुकीनंतर त्यातून चार जण बाहेर पडले. मी काल मोजलं, चारांपैकी तिघे आज या सभागृहात आहेत आणि ज्यांच्याशी भांडले त्यांच्याच पंगतीला बसून त्यांनी जिलबी खाल्ली. चौथा आलेला नाही. तो का आला नाही हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचा फोन नंबरही सगळ्यांकडे आहे. त्याला ग्रुपवर पुन्हा घ्यायचं की नाही यावर चर्चा नको. आज घरी पोचण्याआधी कोणीतरी एकानं त्याला फोन करा. राजकारण काढू नका. जेवायला काय होतं ते सांगा.

कोणीच केला नाही, तर रात्री मी करणारच आहे.