प्राचीन रोमचे देव व प्लेबियन लोक



जानेवारी, मार्च हीं महिन्यांचीं नांवें आपल्या तोंडीं बसलेलीं आहेत. पण तीं रोमन देवांचीं नांवें आहेत हें पुष्कळांस ठाऊक नसतें. जेनस हा दाराचा व आरंभाचा देव. त्याला दोन तोंडें, एक पुढें पाहणारें व एक मागें पाहणारें. त्याच्यावरून जानेवारी. मार्स हा युद्धाचा देव, त्याच्यावरून मार्च. पण हाच मार्स शेताचाहि राखणदार होता. रोगराई, नापिकी व वाईट हवा शिवारापासून दूर ठेव, अशी करुणा शेतकरी त्याची भाकीत असे.

कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटर हा देवांचा राजा, त्याची राणी जूनो व मिनर्व्हा यांचें मोठें देऊळ होतें. मिनर्व्हा ही कारागिरांची देवी. १९ मार्चला तिचा सण. कोष्टी, रंगारी, चांभार, सुतार सारे तिला भजत. लोहारांचा देव व्हल्कन. चुलीची देवी व्हेस्टा. गव्हावरच्या तांबेऱ्यासहि रोबिगस नांवाचा देव होता व २५ एप्रिलला त्याची शांति करीत. टर्मिनस म्हणजे बांधाचा दगड. २३ फेब्रुवारीला दोन्हीकडचे शेजारी त्यास माळा घालीत व एकत्र जेवीत. घरच्या देवांची पूजा घरचा कर्ता पुरुषच करी. तेथें पुरोहित लागत नसे.

मग अडलें कोठें? अडलें तें सरकारी धर्मांत. पॅट्रिशियन म्हणजे कुलीन घराणीं म्हणत, शकुन पाहण्याचा अधिकार जन्मानें आमचाच. कोणत्या दिवशीं न्यायकचेरी उघडी, हेंहि त्यांच्याच धर्माधिकाऱ्यांस ठाऊक. प्लेबियन म्हणजे सामान्य शेतकरी व कारागीर यांनीं त्यांच्या दारीं जाऊन विचारावें.

रोमन इतिहासकार सांगतात कीं, इ. स. पूर्वीं ४९४ सालीं कर्जानें गांजलेले प्लेबियन शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. त्यांच्यावांचून लढाई कोण करणार? तेव्हां कुलीनांस नमतें घ्यावें लागलें व प्लेबियनांस आपले ट्रिब्यून नांवाचे कैवारी मिळाले. पुढच्याच वर्षीं ॲव्हेंटाइन टेकडीपाशीं धान्यदेवी सीरीझ हिचें देऊळ झालें. तेंच प्लेबियनांचें ठाणें बनलें व त्यांचे कागदपत्र तेथें राहूं लागले.

इ. स. पूर्वीं ३०४ सालीं नीयस फ्लेव्हियस या कारकुनानें पंचांगाचा तक्ता भर चौकांत लावला. त्याचा बाप गुलामगिरींतून सुटलेला होता! पुढें ३०० सालीं ओगुल्नियस बंधूंनीं कायदा करविला. त्यानें मुख्य धर्माधिकाऱ्यांच्या चार व शकुन पाहणारांच्या पांच जागा प्लेबियनांस मिळाल्या. देवकार्य विटाळेल, अशी ओरड कुलीनांनीं केली. पण ज्युपिटर कोपला नाहीं, पीक बुडालें नाहीं. उलट रोमचें राज्य त्यानंतरहि वाढतच गेलें.

बंधूंनो, प्लेबियनांनीं आपले देव सोडले नाहींत. देवाच्या नांवावर चाललेला मक्ता तेवढा मोडला. त्यासाठीं त्यांना दोनशें वर्षें एकजुटीनें झगडावें लागलें, हें ध्यानांत ठेवावें.