बर्फातली वाट आणि आपली मुले



मे महिन्यातले चंद्रपूरचे ऊन कसे असते हे तुम्हांला मी सांगायला नको. पारा ४६-४७ अंशांवर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही, आणि तेंदूपत्ता तोडणारी माणसे पहाटेच जंगलात शिरून ऊन चढायच्या आत पुडे बांधायला घरी परततात. अशाच एका मे महिन्यात, २०१८ सालच्या, याच जिल्ह्यातली पाच आदिवासी मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन पोहोचली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम ही त्यांची नावे. जिवती, देवाडा अशा ठिकाणच्या शासकीय आश्रमशाळांत शिकणारी ही मुले. ‘मिशन शौर्य’ असे त्या मोहिमेचे नाव होते.

ही बातमी तुम्ही त्या वेळी ऐकली असेल, टाळ्याही वाजवल्या असतील. आज मला बोलायचे आहे ते टाळ्यांच्या आधीच्या गोष्टीबद्दल. इतक्या थंडीत, इतक्या उंचीवर, सोबत्यांच्या संगतीने दिवसच्या दिवस पाठीवर ओझे घेऊन चालायचे म्हणजे काय करायचे?

आधी थोडे गणित. गुरुजींनी हे वर्गात फळ्यावर घालून पाहावे, मुलांना मजा येते. दर हजार मीटर वर गेले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. एव्हरेस्टची उंची सुमारे ८,८४९ मीटर. म्हणजे समुद्रकाठी ३० अंश धरले तर माथ्यावर शून्याच्या खाली २७ अंशांच्या आसपास. त्यात वारा. वारा अंगाभोवतीची ऊब हिरावून नेतो, म्हणून थंडी आकड्यापेक्षा कितीतरी जास्त झोंबते. आणि हवा विरळ. प्राणवायूचा वाटा तिथेही २१ टक्केच असतो, पण हवाच इतकी पातळ की एका श्वासात आपल्याला इथे मिळतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच प्राणवायू छातीत जातो. चार पावले टाकायची नि थांबून धापा टाकायच्या, असे ते चालणे.

म्हणून तिथे घाई करणारा फसतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा दंडक आहे. दिवसा उंच चढून जावे, रात्री खाली येऊन झोपावे. शरीराला नव्या हवेची ओळख पटायला वेळ लागतो. डोके दुखणे, जेवण नकोसे होणे, उलटी, ही पहिली निशाणी. माणूस सरळ रेषेत चालू शकेना, झिंगल्यासारखा झोके खाऊ लागला, तर त्याला तसाच खाली आणायचा. सकाळची वाट पाहायची नाही. उंचीच्या आजाराला खाली उतरण्यासारखे औषध नाही.

कपड्यांची गोष्ट ऐकून आपल्या कापूस पिकवणाऱ्या मुलखाला जरा वाईट वाटेल. बर्फात सुती कपडा वैरी आहे! चालताना घाम येतो, सूत तो पिऊन बसते, लवकर वाळत नाही, आणि थांबल्याबरोबर ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते. म्हणून एकच जाड कोट घालण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालायचे. चढ लागला की घाम फुटायच्या आधीच एक काढायचा, थांबलो की लगेच चढवायचा. आपल्या बाया डिसेंबरात शेकोटीजवळ पोराच्या अंगातला ओला सदरा आधी काढतात, मग त्याला चहा देतात. विद्या तीच.

आणि सोबती. हिमदंश झाला की नाकाचा शेंडा, गाल, कान पांढरे पडतात, बधिर होतात. बधिर झाल्यामुळे ज्याचे त्याला कळत नाही. आपले नाक आपल्याला दिसते थोडेच? ते समोरच्याने पाहायचे असते. म्हणून बर्फातली माणसे सारखी एकमेकांच्या तोंडाकडे बघत चालतात. थंडीने ज्याचे डोके मंदावले तो स्वतःहून कधी म्हणत नाही की मी मंदावलो. तो म्हणतो, मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे. हे शब्द ऐकले की थांबायचे.

इथे माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत शाळेची मुले घेऊन आम्ही गडचांदूरजवळच्या माणिकगडावर गेलो होतो. पहाटे निघालो, धुके होते, गारठा चांगलाच होता. वाटेतल्या ओढ्यात सातवीतली एक मुलगी घसरली, कमरेपर्यंत भिजली. हसत उठली, म्हणाली, “काही नाही झालं गुर्जी.” मीही म्हटले, चालताचालता वाळेल. दणकट पोरे पुढे धावत होती, त्यांच्या मागे मी. तासाभराने मोजदाद केली तर एक डोके कमी. मागे परत गेलो. ती एका दगडावर बसली होती, ओठ निळसर, बोटांना चपलेचा पट्टा लावता येत नव्हता. विचारले ते तिला नीट सांगताही येईना. कोरडी चादर गुंडाळली, काटक्या पेटवल्या, गोड चहा पाजला, तेव्हा तासाभरात माणसात आली. बर्फ नाही, हिमालय नाही, आपलाच चंद्रपूर जिल्हा. ओले अंग, वारा आणि एकटेपण एवढे पुरते.

तेव्हापासून आमच्याकडे सर्वांत हळू चालणारे मूल सर्वांत पुढे असते. बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचे. पहिल्या दिवशी दांडगी मुले कुरकुरतात, मग त्यांना सवय होते.

आता तुम्ही म्हणाल, आदिवासी मूल जन्मतःच काटक, त्याला डोंगराचे काय मोठे! हे वाक्य मी फार ऐकले आहे आणि मला ते मुळीच आवडत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये या मुलांचे प्रशिक्षण सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख अशी ती फिरली, तेव्हा कुठे नऊ महिन्यांनी माथा गाठला. ते त्यांच्या सरावाचे फळ आहे. जन्माचे म्हटले की शिक्षणाचे श्रेय गेले, आणि आपली जबाबदारीही गेली. भामरागड-एटापल्लीकडे पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की माणसे आजाऱ्याला खाटेवर घालून वाहून नेतात. हेमलकशाला १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हाही रोगी कितीतरी दूरवरून जंगल तुडवत यायचे. ते चालणे हौसेचे नव्हते. त्याला काटकपणा म्हणून आपण मोकळे झालो तर रस्ता कोण मागणार?

दुसरा प्रश्न आईबापांचा. एवढ्या जोखमीत मुलांना घालावे का? प्रश्न खोटा नाही. आजच्या तेलंगणातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचली, तेव्हा तिला १४ वे वर्षही पुरे झाले नव्हते. ती तिबेटच्या बाजूने चढली, कारण नेपाळात १६ वर्षांखालच्यांना परवानगी मिळत नाही. मला विचाराल तर नेपाळचा नियम शहाणपणाचा वाटतो. पण म्हणून डोंगरच नको, हे मला पटत नाही. आपल्या जिल्ह्यातून गेलेली सगळीच मुले माथ्यावर पोहोचली नाहीत, काही अलीकडून परतली. त्यांची नावे कोणी विचारत नाही. ८,००० मीटरवर पाय मागे घ्यायला जे डोके लागते ते मुलांना कुठून येते, हे शिक्षकांनी एकदा विचारात घ्यावे. मला वाटते, ते माणिकगडाच्या वाटेवरच शिकवता येते. कुणी थकले, पाऊस आला, उजेड कमी पडला, तर अर्ध्यातून परत फिरायचे. आणि परत आलेल्या मुलांना शाळेत तेवढाच मान द्यायचा.

खर्च फारसा नाही. प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरडा सदरा, कागदी पिशवी नको, मेणकापडाची. गूळ-शेंगदाणे. सर्वांत मागे एक मोठे माणूस, त्याच्याकडे शिट्टी. वनरक्षकाला आधी कळवायचे, कारण आपल्या रानात वाघ आहे आणि वाट त्याचीही आहे. दर तासाला डोकी मोजायची.

येत्या डिसेंबरात आमची शाळा पुन्हा माणिकगडावर जाणार आहे. ओढ्यात भिजलेली ती मुलगी आता कॉलेजात शिकते. मागे राहायला मोठे माणूस कमी पडते म्हणून तिला विचारले, तर ती म्हणाली, येते, पण शिट्टी माझ्याकडे द्या.